ओंडक्याची गोलाई आणि चौथी-पाचवीचा वर्ग

सागाचा ओंडका मोजायची वनखात्याची जुनी रीत अजब आहे. मध्यावर फीत गुंडाळून गोलाई घ्यायची, तिचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग लांबीने गुणायचा. भूमितीने येणाऱ्या घनफळाच्या सुमारे 78.5 टक्केच उत्तर मिळतं. उरलेलं लाकूड कुठे गेलं? ओंडका चौकोनी चिरताना वाया जाणाऱ्या लाकडाची ही सूट, असं स्पष्टीकरण दिलं जातं.

आलापल्लीसारख्या लाकडाच्या गावात 'स्टीम' शिक्षणाची, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, कला आणि गणित एकत्र शिकवण्याची सुरुवात इथूनच व्हावी. त्यासाठी महागडं किट नको; आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबमधून अरविंद गुप्तांनी केवढं विज्ञान उभं केलं! इथे डब्याचं गोल झाकण पुरे. झाकणाभोवती दोरा गुंडाळा, त्याची चौघडी करा, तेवढ्या बाजूचा कागदी चौरस कापून झाकणावर ठेवा. कोपरे बाहेर डोकावतात, बाजूंना फटी राहतात. जास्त काय, कोपरे की फटी? आधी अंदाज लिहायचा, मग चौकटीच्या कागदावर दोन्ही आकृत्या काढून घरं मोजायची.

घरं मोजता येणं हे कौशल्य. शेजाऱ्याचं उत्तर वेगळं आल्यावर आपलं खोडून त्याचं न उतरवता दोघांनी पुन्हा मोजणं, ही वृत्ती. एक असून दुसरी नसलेली मुलं वर्गात सापडतातच. 'मला विज्ञान आवडतं' यापुढच्या हसऱ्या चेहऱ्यावर खूण करून घेणाऱ्या प्रश्नावल्यांवर माझा फारसा भरवसा नाही. गुरुजींसमोर कोण रडका चेहरा निवडेल? शिवाय घरी माडिया, गोंडी किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाची लेखी चाचणी घेतली, तर बरेचदा त्याचं मराठीच तपासलं जातं. त्यापेक्षा मोजताना त्याचे हात पाहावेत, आपसातलं भांडण ऐकावं.

पुढचा धडा भामरागड रस्त्यावरच्या 'वनवैभव'मध्ये. 1953 पासून राखलेला हा जंगलाचा तुकडा 2014 मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाला. उभ्या झाडाची गोलाई वनखातं छातीच्या उंचीवर, जमिनीपासून 1.37 मीटरवर घेतं, कारण बुंधा खाली फुगलेला असतो. चौथीतल्या मुलाची छाती त्याहून बरीच खाली. त्याचं माप वनरक्षकाच्या मापापेक्षा जास्त भरणार, आणि उतारावरच्या झाडाला तर फीत वरच्या अंगाने धरायची की खालच्या, यावर वर्गाचे दोन तट पडणार.