जाड ऑइलचा हट्ट
(बॉनेटखाली : लेखांक ९)

उन्हाळा लागला की गॅरेजात एक सल्ला न मागता मिळतो : ‘आपल्याकडं ऊन केवढं! पातळ ऑइल टिकत नाही, जाडच टाकू.’ सल्ला देणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. त्याच्या हाताखालून शेकडो इंजिनं गेलेली असतात. ऐकणाऱ्यालाही ते पटतं, कारण तेल तापलं की पातळ होतं हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. तरीही आजच्या बहुतांश गाड्यांपुरता हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. इंजिन ऑइल निवडताना गावचं हवामान, ब्रँड आणि किंमत या तिन्ही गोष्टी मागाहून येतात. आधी बघायचं ते गाडीबरोबर मिळालेल्या, आणि बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न निघालेल्या पुस्तिकेतलं एक पान. त्यावरचा आकडा तसाच का आहे, हे एकदा कळलं की जाड ऑइलचा हट्ट सुटायला वेळ लागत नाही.

डब्यावर ‘५ डब्ल्यू-३०’ किंवा ‘२० डब्ल्यू-५०’ असं छापलेलं असतं. दाटपणाची ही प्रतवारी एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेची, १९११पासून चालत आलेली. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो : ५ डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, २० डब्ल्यूची उणे १५वर. नंतरचा आकडा सांगतो की १०० अंशांवर ऑइल किती दाट राहतं. ३० म्हणजे त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. अंदाज यावा म्हणून सांगतो, साधं पाणी १ सेंटिस्टोकच्या आसपास असतं. तेव्हा या दुसऱ्या आकड्याचा बाहेरच्या हवेशी काही संबंध नाही. ‘३० म्हणजे ३० डिग्रीपर्यंत चालतं’ असं काउंटरवर छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खुशाल सोडून द्यावं.

आता मे महिन्यातलं चंद्रपूर घ्या. बाहेर पारा ४५वर. पण इंजिनच्या आत काय चाललंय? कूलंटचं तापमान ९० अंशांच्या आसपास राखायचं काम थर्मोस्टॅट करतो, ते मागच्या लेखांकात सविस्तर आलं आहे. इंजिन नीट तापलं की ऑइल साधारण ९० ते ११० अंशांत फिरत राहतं, आणि जानेवारीतल्या महाबळेश्वरातही ते जवळपास तेवढंच तापतं. म्हणजे चालत्या गाडीत दोन गावांच्या हवामानातला फरक ऑइलपर्यंत पोचता पोचता बराचसा विरून जातो. उभ्या गाडीचं काय? प्रयोगशाळेत दाटपणा दोन तापमानांना मोजतात, १०० अंशांना आणि ४० अंशांना. त्यातलं ४० म्हणजे विदर्भातली उन्हाळी दुपारच. नेहमीचं ५ डब्ल्यू-३० ऑइल १०० अंशांवर १० ते ११ सेंटिस्टोक भरतं आणि ४० अंशांवर ६०च्या पुढे जातं. भर दुपारी रस्त्याकडेला उभ्या गाडीची चावी फिरवली, तरी त्या क्षणी ऑइल इंजिनला हव्या असलेल्या दाटपणाच्या सहापट दाट असतं. आपल्या अंगाची लाही होत असताना इंजिनच्या लेखी ती थंडीच असते. त्याच जागी २० डब्ल्यू-५० ओतलं तर ४० अंशांवरचा आकडा १६०च्या घरात जातो, आणि पूर्ण तापल्यावरही ते १८च्या खाली फारसं उतरत नाही.

दाट असलं तर बिघडलं कुठं, उलट थर जाड बसेल, असं कोणी म्हणेल. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून जरा आत शिरू. क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगवर टेकून फिरत नाही. फिरता फिरता तो मधल्या फटीत ऑइल ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगतो. ही फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते, आणि ऑइलचा दाटपणा, फट, पंप हे तिन्ही एकमेकांचा हिशेब धरून ठरवलेले असतात. ऑइल गरजेपेक्षा दाट झालं की त्याच्या स्वतःच्या घर्षणातच ताकद खर्च होते, अ‍ॅव्हरेज घटतं, आणि त्या घर्षणाची उष्णता पुन्हा ऑइलमध्येच जाते. दुसरी अडचण पंपाची. दाट ऑइल ढकलताना दाब वाढतो आणि एका मर्यादेनंतर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. मग पंपानं उचललेलं काही ऑइल इंजिनात जाण्याऐवजी तिथल्या तिथे माघारी वळतं. दाब भरपूर आणि प्रवाह कमी, अशी ही अवस्था. गेजचा काटा वर दिसला की मालक खूश होतो. पण बेअरिंग वाचवायला आणि पिस्टनखालची उष्णता वाहून न्यायला प्रवाह लागतो. त्यातच आताच्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर, बारीक वाहिन्यांमधून चालते. टर्बोच्या शाफ्टला तर चालू झाल्याबरोबर ऑइल पोचावं लागतं. झीज जास्त होते ती चालू करतानाच्या आणि त्यानंतरच्या थोड्या वेळात, आणि दाट ऑइल उशिरा पोचतं ते नेमकं तेव्हाच.

मग हा समज आला कुठून? तो हवेतून आलेला नाही, अनुभवातूनच आला. अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळातली इंजिनं सैल मापाची होती, ऑइलं एकाच आकड्याची, म्हणजे नुसती ३० किंवा ४० अशी असत, आणि तापल्यावर ती फार पातळ होत. घाटात रेडिएटर उकळणं ही तेव्हा नित्याची गोष्ट. त्या गाड्यांना जाड ऑइल मानवलं आणि त्यांच्यावर हात बसलेल्या मिस्त्रींनी तोच धडा पुढच्या पिढीला दिला. शिवाय हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलच्या इंजिनात थर्मोस्टॅटच नसतो, त्यामुळे उन्हाचा आणि तुंबलेल्या ट्रॅफिकचा फटका तिच्या ऑइलला खरोखर बसतो. पण तिथेही सरसकट नियम चालत नाही. हिरो स्प्लेंडरला १० डब्ल्यू-३० सांगितलेलं आहे, बजाजच्या पल्सरच्या कित्येक मॉडेलांना २० डब्ल्यू-५०. दोन्ही गाड्या त्याच उन्हात, त्याच रस्त्यावर धावतात. ऊन एकच असताना आकडे वेगळे असतील, तर ठरवणारं इंजिन आहे, ऊन नाही.

सगळ्यात खणखणीत आक्षेप वेगळाच आहे. कंपन्या पातळ ऑइल सांगतात ते इंजिनच्या भल्यासाठी नाही, सरकारी इंधनमर्यादा गाठण्यासाठी, असं जाणकार म्हणतात. यात बरंच तथ्य आहे. भारतात कंपनीच्या सगळ्या मोटारींच्या सरासरी इंधनखपतीवर मर्यादा आहेत. २०२२-२३पासून त्या आणखी आवळल्या. ऑइल पातळ केलं की एखाददुसरा टक्का इंधन वाचतं आणि लाखो गाड्यांच्या हिशेबात ते मोठं असतं. एसएईनं १६ हा ग्रेड २०१३मध्ये आणला तो याच ओढीतून. जगात असंही दिसतं की तेच इंजिन एका देशात ० डब्ल्यू-२० मागतं आणि दुसऱ्या देशातल्या पुस्तिकेत त्याच्या जोडीला ५ डब्ल्यू-३०ही असतं. पण यातून निघतं काय? एवढंच, की इंजिनला एका आकड्याऐवजी एक पट्टा चालतो, आणि तो पट्टा बहुधा पुस्तिकेतच दिलेला असतो. भरल्या गाडीनं वरचेवर घाट चढायचा असेल, तासन् तास एक्स्प्रेस वेवर दामटायचं असेल, तर त्या पट्ट्यातला जाड बाजूचा आकडा घ्यावा; त्यात कोणताही नियम मोडत नाही. ५ डब्ल्यू-३०वरून थेट २० डब्ल्यू-५०वर उडी मारायला मात्र या आक्षेपाचा आधार घेता येत नाही.

ऑइल खाणाऱ्या जुन्या इंजिनची गोष्ट निराळी. रिंगा झिजल्या आहेत, सायलेन्सर निळसर धूर सोडतो आहे, काम काढायला महिना-दोन महिने पैसे नाहीत. अशा वेळी एक पायरी जाड ऑइल टाकलं तर खप कमी होतो. मिस्त्रीचं म्हणणं इथं मान्यच करायला हवं. फक्त ती तात्पुरती सोय आहे हे दोघांनीही लक्षात ठेवावं. धडधाकट इंजिनला हा उपचार कशाला?

आकड्यांवर इतका वेळ घालवला खरा, पण माझ्या मते जास्त नुकसान होतं ते अक्षरांकडे दुर्लक्ष केल्यानं. डब्यावर एपीआय या अमेरिकी संस्थेच्या दर्जाची अक्षरं असतात : एसनं सुरू होणारी पेट्रोल इंजिनांची, सीनं सुरू होणारी डिझेलची. एसएल २००१चा, एसएन २०१०चा, एसपी २०२०चा. पेट्रोलमध्ये पुढचं अक्षर साधारणपणे मागच्याच्या जागी चालतं. एसपी आलं त्यामागं एक ठोस कारण होतं. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी आरपीएमला जोर लावताना कधीकधी ठिणगीच्या आधीच इंधन पेट घेतं, आणि तो धक्का पिस्टन फोडण्याइतका जबर असू शकतो. ऑइलमधली कॅल्शियमची संयुगं याला हातभार लावतात असं आढळलं, म्हणून मिश्रणात मॅग्नेशियमचा वाटा वाढला. टर्बो पेट्रोल गाडीत जुन्या दर्जाचं ऑइल ‘जाड आहे’ म्हणून ओतणाऱ्याला याची गंधवार्ता नसते.

डिझेलवाल्यांचं दुखणं याहून महाग आहे. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ बसला. त्यातली काजळी गाडी ठरावीक काळानं आपोआप जाळून टाकते. ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांची राख मात्र जळत नाही, ती आत साठतच जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. युरोपच्या एसीईए सी३ दर्जात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. जुन्या टेम्पोसाठी आणलेल्या पिंपातलं लिटरभर ऑइल अशा गाडीत गेलं तर लगेच काही दिसत नाही, आणि तोच धोका आहे. फिल्टर चोंदल्याचा दिवा लागेपर्यंत कारण विसरलेलं असतं.

मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा बहुधा एकाच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण घटवणारी द्रव्यं घातली जाऊ लागली तेव्हा मोटारसायकलींचे क्लच घसरू लागले. त्यावर जपानमध्ये १९९८ साली जॅसो हा वेगळा दर्जा आला : ओल्या क्लचला एमए, गिअरलेस स्कूटरला एमबी. मोटारीचं उरलेलं उंची ऑइल बाइकमध्ये घालून काटकसर करणाऱ्यांना पिकअप गेल्याचं कोडं उलगडत नाही, ते यामुळेच.

राहता राहिलं सिंथेटिक. ते तापल्यावर लवकर बिघडत नाही आणि थंडीत सहज वाहतं, हे खरं. परंतु डब्यावरच्या त्या शब्दामागं एकच एक पदार्थ नसतो. खनिज तेलावरच खोल प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइललाही सिंथेटिक म्हणता येईल, असा निर्णय अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्या जाहिरातींच्या वादात १९९९मध्ये लागला, आणि पुढं बहुतेक ठिकाणी तोच पायंडा पडला. ० डब्ल्यूसारखे ग्रेड सिंथेटिकशिवाय बनतच नाहीत. तिथं निवडीचा प्रश्नच येत नाही. जिथं साधं ऑइल चालतं असं पुस्तिका म्हणते, तिथं महाग ऑइल घालून बदलायची मुदत दुप्पट करण्यापेक्षा नेमून दिलेलं ऑइल वेळेवर बदललेलं बरं. रोज तीन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ऑइल पुरतं तापतच नाही, त्यातलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही. तिची मुदत किलोमीटरवर मोजायची नाही, महिन्यांवर मोजायची. डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नये. डिझेलमध्ये ते थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. ही धरलेली घाण पुढे कुठं अडते आणि ऑइल नवं, फिल्टर जुना असा अर्धवट कारभार केला तर काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.