उन्हाळी सत्र : अमेरिकेतील पद्धती आणि सातारा-सांगलीचा विद्यार्थी

अमेरिकेतील शिक्षणाविषयी वाचताना ‘समर स्कूल’ हा शब्द वारंवार आढळतो. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा छंदवर्ग किंवा सुटीतील शिबिर असा घेतला जातो. वस्तुतः ते नियमित अभ्यासक्रमाचेच एक अंग होय. श्रेयांकपद्धती आपल्या विद्यापीठांतही आता रूढ झाली असल्यामुळे या सत्राची रचना नीट समजून घेणे उपयुक्त ठरेल.

ही प्रथा प्रथम रुजली ती मुख्यतः शिक्षकांसाठी. हार्वर्ड विद्यापीठाचे उन्हाळी वर्ग 1871 मध्ये सुरू झाले. नोकरी सांभाळून ज्ञानात भर घालण्यास शिक्षकांना सुटीखेरीज अन्य काळ नव्हता. पुढे 1892 मध्ये अध्यापनास प्रारंभ केलेल्या शिकागो विद्यापीठाने वर्षाचे चार भाग पाडले आणि उन्हाळ्यातील भागास इतर तिहींच्या बरोबरीचा दर्जा दिला. तेव्हापासून उन्हाळा हा विद्यार्थ्यांच्याही अध्ययनाचा काळ ठरत गेला.

तेथील माध्यमिक शाळांत उन्हाळी वर्गाचा हेतू प्रायः राहिलेला विषय भरून काढणे हा असतो. महाविद्यालयांत मात्र मागे पडलेला आणि पुढे जाऊ इच्छिणारा, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. या व्यवस्थेचे मर्म श्रेयांकात आहे. तीन श्रेयांकांचा विषय नेहमीच्या सत्रात आठवड्यास तीन तासांप्रमाणे 15 आठवडे, म्हणजे एकूण 45 तास शिकविला जातो. तोच विषय सहा आठवड्यांत पुरा करावयाचा तर आठवड्यास साडेसात तास होतात. वर्गातील प्रत्येक तासामागे घरी दोन तास अभ्यास अपेक्षित असतो. त्यामुळे एका विषयास आठवड्याचे साडेबावीस तास आणि दोन विषयांस 45 तास लागतात. दोन विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यास त्या काळात अर्थार्जन करणे जवळजवळ अशक्यच होते.

येथेच या पद्धतीची खरी अडचण दिसते. शुल्क बहुधा श्रेयांकागणिक आकारले जाते. शिवाय उन्हाळा हाच तेथील गरजू विद्यार्थ्याच्या कमाईचा हंगाम. ज्यास या सत्राची निकड अधिक, त्यासच ते परवडणे कठीण. ही अडचण ओळखून ‘पेल’ नामक केंद्रीय शिष्यवृत्ती उन्हाळ्यासही लागू करण्याची तरतूद झाली. मध्यंतरी ती रद्द झाली होती. 2017 मध्ये ती पुन्हा लागू करण्यात आली.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. 1963 पासून अमेरिकेच्या साह्याने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सहभागाने विज्ञान व गणिताच्या शिक्षकांसाठी भारतात उन्हाळी वर्ग भरू लागले. म्हणजे येथेही प्रारंभ शिक्षकांपासूनच झाला. 2021 मध्ये श्रेयांक-पेढीची योजना आली, आणि मिळविलेले श्रेयांक साठवून ठेवण्याची सोय विद्यार्थ्यास झाली. काही स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तर मागे राहिलेल्या विषयांसाठी उन्हाळी सत्रही योजिले आहे.

परंतु शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात, विशेषतः सातारा व सांगली जिल्ह्यांत, ही पद्धती आणावयाची तर आपल्या उन्हाळ्याचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. वैशाख-ज्येष्ठात नांगरणी, कुळवणी अशी पेरणीपूर्वीची मशागत चाललेली असते आणि शेतकऱ्याच्या घरी मुलाचे दोन हात मोलाचे असतात. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत त्यात पाणीटंचाईची भर पडते. अशा वेळी शहरात राहून शिकावयाचे, तर शुल्काइतकाच राहण्याजेवणाचा प्रश्न बिकट ठरतो.

या प्रश्नाचे एक उत्तर या भूमीतच सापडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, श्रम करीत व शिकत. 1947 मध्ये निघालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणासही लागू झाले. शिकण्याचा काळ आणि कमावण्याचा काळ परस्परविरोधी नसून एकाच दिनक्रमात बसू शकतात, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, उन्हाळी सत्रात गरजू विद्यार्थ्यास एका वेळी एकच विषय द्यावा, म्हणजे दिवसाचे काही तास कामास उरतील. दुसरी ही की, वसतिगृह, भोजन आणि श्रमाचा मोबदला यांची योजना सत्राच्या वेळापत्रकाआधी सिद्ध असावी. एका विषयापायी विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ नये, हा उन्हाळी सत्राचा हेतू स्तुत्य आहे. मात्र ज्याचे वर्ष वाया जाण्याचा संभव अधिक, तोच सत्राच्या दाराबाहेर राहिला, तर सत्र भरूनही हेतू साधणार नाही.