एक गीत, अनेक चाली

एकाच गीताच्या दोन चालींची तुलना करताना अधिक गोड कोणती, असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. 'वंदे मातरम्'च्या चालींचा इतिहास पाहता हा प्रश्न अपुरा ठरतो. चाल हा शब्दांवर चढविलेला केवळ अलंकार नव्हे. गाणारा कोण आणि कोणासाठी, याचा निर्णयही तीत अंतर्भूत असतो.

'आनंदमठ' १८८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा बंकिमचंद्रांनी या गीतासाठी मल्हाराचा निर्देश केला होता. रवींद्रनाथांनी त्याला देस रागातील चाल दिली. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये त्यांनी ते गायिलेही. ही चाल मींडेच्या आधाराने सावकाश उलगडते. तिच्यात आर्जव आहे आणि ती मुख्यतः एका कंठाची आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री दिल्लीत संविधान सभेची बैठक सुरू झाली, तीही सुचेता कृपलानींनी गायिलेल्या पहिल्या कडव्यानेच.

राष्ट्रगीताची गरज मात्र निराळी होती. ते परदेशातही वाद्यवृंदावर वाजले पाहिजे, आणि 'वंदे मातरम्'ची रूढ चाल त्यास अनुकूल नाही, असे मत नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत मांडले. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी या आक्षेपाला चालीनेच उत्तर दिले. भास्करबुवा बखल्यांच्या या शिष्याने झिंझोटीचा आश्रय केला, स्वररचना सरळ ठेवली, लय निश्चित केली आणि समूहास व बँडला पेलेल असे रूप सिद्ध केले. दिल्लीस जाऊन त्यांनी ते संविधान सभेच्या सदस्यांना ऐकविलेही. रागदारीत मुरलेल्या गायकाने आलापाचा मोह येथे बुद्धिपुरस्सर आवरला. ही एक प्रकारची समीक्षाच होय.

२४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरले आणि 'वंदे मातरम्'ला समान सन्मान देण्यात आला. या निर्णयामागे केवळ चाल नव्हती. गीताच्या उत्तरार्धातील देवीरूपकामुळे उद्भवलेला वाद जुना होता. १९३७ मध्येच काँग्रेसने पहिली दोन कडवी तेवढी स्वीकारली होती. शब्दांविषयीची शंका कोणत्याही चालीने फिटणारी नव्हती.

तथापि १९५२ च्या 'आनंदमठ' चित्रपटात हेमंतकुमारांनी हेच गीत कूच करणाऱ्या समूहाच्या लयीत बांधले. ज्या गीताच्या वाद्यवृंदक्षमतेविषयी शंका होती, त्यात ती लय प्रथमपासून संभाव्य होती, हे कृष्णरावांचे म्हणणे त्यामुळे पुन्हा प्रत्ययास आले. देसातील आर्जव त्यामुळे उणे ठरत नाही. एका चालीत मातेपुढे एकटा भक्त उभा आहे, दुसरीत तिची लेकरे एकत्र चालत आहेत.