सगळ्यांना दिसणारी गाठ

काही लक्षात ठेवायचं असलं की माझी आई पदराला गाठ मारायची. गिरणीतून दळण आणायचं असो, भिशीचे पैसे द्यायचे असोत की शेजारच्या काकूंना निरोप सांगायचा असो, गाठ तीच. काम करताना ती हाताला लागली की आईला आठवायचं. आम्हा भावंडांनाही गाठ दिसायची, पण ती कशाची हे तिलाच ठाऊक. ती तापाने झोपली की गाठ तशीच राहायची आणि कामही.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी २२ वर्षं स्टोअर सांभाळलं. सुरुवातीला तिथेही सगळं असंच, ज्याच्या त्याच्या आठवणीवर चालायचं. लाइनवरचा हेल्पर जाता जाता सांगायचा, ‘‘ताई, दहाचे वॉशर संपत आलेत बरं का.’’ मी तेव्हा आलेल्या मालाचं चलन तपासत असायचे. ‘‘देते हं,’’ म्हणायचे आणि विसरून जायचे. एका सेकंड शिफ्टला वॉशर खरंच संपले. लाइन पाऊण तास उभी राहिली, चौदा माणसं हातावर हात ठेवून बसली. वॉशर माझ्या रॅकवर भरपूर होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे आमच्याकडे कानबान आलं. या जपानी शब्दाचा अर्थ पाटी. ही पद्धत घडवली टोयोटाच्या ताइची ओनो यांनी. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची रीत त्यांना भावली होती : गिऱ्हाईक हवं तेवढंच उचलतं आणि जेवढं उचललं गेलं तेवढंच दुकानदार पुन्हा मांडतो. १९५३ मध्ये त्यांनी हीच रीत टोयोटाच्या मशीन शॉपमध्ये आणली. मागच्याने पुढे माल ढकलायचा नाही. पुढच्याला लागेल तेव्हा त्याने मागायचा, आणि तोही कार्डाने.

आमच्याकडे त्याचं रूप अगदी साधं होतं. प्रत्येक टेबलावर एकाच मालाच्या दोन बिन, एकीमागे एक. पुढची रिकामी झाली की मागची पुढे ओढायची आणि रिकामीतलं कार्ड लाइनच्या टोकाला असलेल्या खुंटीवर अडकवायचं. मी दर दोन तासांनी फेरी मारायचे आणि खुंटीवर असतील तेवढ्याच कार्डांचा माल भरायचे. बिन केवढी हवी, याचा हिशोब आम्ही कागदावर मांडला. एका नगाला दोन वॉशर, तासाला साठ नग, म्हणजे तासाला १२० वॉशर. माझ्या दोन तासांच्या फेरीला २४० लागणार. थोडा उशीर झालाच तर म्हणून बिन ३०० ची. पहिली संपली तरी दुसरी अडीच तास पुरायची. त्यानंतर वॉशरसाठी लाइन थांबलेली मला आठवत नाही. आणि मी रजेवर असले तरी माझ्या जागी आलेल्या मुलाला खुंटी वाचता यायची.

दुसरी गोष्ट दिव्याची. टोयोटात त्याला आंदोन म्हणतात. मूळ अर्थ कागदी कंदील. काही चुकतंय असं वाटलं की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो, टीम लीडर येतो. लाइन लगेच थांबत नाही, गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जाते. तोवर अडचण सुटली तर काम चालू राहतं, नाहीतर लाइन थांबते. हा विचार टोयोटा उभारणाऱ्या घराण्यात जुनाच. साकिची टोयोदा यांच्या १९२४ च्या यंत्रमागात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, त्यामुळे खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही.

आमच्या लाइनवर बटण आणि दिवा बसला, पण पहिला महिनाभर कुणी बटणाला हात लावला नाही. कारण उघड होतं. बटण दाबलं की सुपरवायझर यायचा आणि विचारायचा, ‘‘कोणी दाबलं?’’ मग प्लांटच्या साहेबांनी नियम घातला : दिवा लागला की दोन मिनिटांत पोचायचं आणि पहिला प्रश्न विचारायचा, ‘‘काय अडलं?’’ आठवड्याभरात असेंब्लीतल्या एका ताईने बटण दाबलं. प्रेसने बसवायचा बुश तिच्या हातानेच आत जात होता. मशीनवर बोअर, म्हणजे बुश बसायचं भोक, मोठं येत होतं. तो माल गिऱ्हाइकाकडे गेला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

सगळं पहिल्याच फटक्यात जमलं असं नाही. खराब माल लाल बिनमध्ये, चांगला हिरवीत, असं ठरलं होतं. एक मुलगा सतत गफलत करायचा आणि बोलणी खायचा. बऱ्याच दिवसांनी कळलं, त्याला लाल आणि हिरव्यातला फरकच ओळखू येत नव्हता. मग लाल बिनला झाकण आलं, झाकणावर मोठी फुली आली आणि तिची जागा टेबलाखाली डावीकडे पक्की झाली. खूण रंगाने सांगावी, आकाराने सांगावी आणि जागेनेही सांगावी, हे त्या मुलाने आम्हाला शिकवलं. त्याला ओरडणाऱ्यांत मीही होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

गुणवत्तेच्या घोषणांचे फलकही भिंतीवर खूप होते. ते कुणी वाचायचं नाही. पाहणाऱ्याने आत्ता काय करायचं, हे ज्यात नाही तो फलक चार दिवसांत भिंतीच्या रंगासारखा होऊन जातो. कार्ड दिसलं की भरायचं आणि दिवा दिसला की धावायचं, एवढं मात्र सगळ्यांना पाठ होतं. बटण दाबलं तर कुणीतरी नक्की येईल, हा भरवसा बसला म्हणूनच ते दाबलं जायचं.

आता मी निवृत्त आहे. आई ८६ वर्षांची आहे, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकवून चालत नाही. तिच्या कपाटात दोन डब्या आहेत. पुढची संपली की तिच्यातलं रिकामं पाकीट दाराजवळच्या खिळ्याला लागतं आणि जो बाहेर पडेल तो गोळ्या घेऊन येतो. परवा माझा भाचा क्लासला निघाला होता. चपला घालता घालता त्याने पाकीट काढलं आणि खिशात टाकलं. आई खुर्चीत बसून बघत होती. तिने पदराशी चाळा केला, पण गाठ मारली नाही.