नदीचे प्रदूषण मोजावे कशाने?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तीत एकूण ३५१ पट्टे होते आणि त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातील होते. अन्य कोणत्याही राज्याचा आकडा एवढा मोठा नव्हता. त्याची चर्चा झाली. परंतु तो कोणत्या मापाने काढला, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. माप एकच होते. पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजविताना जीवाणूंना किती प्राणवायू लागतो हे सांगणारे हे माप ‘बीओडी’ या नावाने ओळखले जाते. ते लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेले की पट्टा यादीत गेला.

हे माप निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये १८९८ साली नेमलेल्या सांडपाणीविषयक आयोगाने ते रूढ केले आणि १९१२ च्या अहवालात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचविली. मात्र त्या सांडपाण्याला नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी मिळाले पाहिजे, ही अटही आयोगाने घातली होती. आकडा दूरवर गेला. अट पुष्कळदा मागेच राहिली. उन्हाळ्यात ज्यांच्या पात्रात सांडपाण्यावाचून दुसरे पाणीच नसते, अशा आपल्याकडील नद्यांना ती अट कशी लागू करावयाची, हा प्रश्नच आहे.

खरी अडचण नमुन्याची आहे. बाटलीत येते ते भरल्या क्षणाचे पाणी. महिन्याला एक बाटली भरली, तर वर्षाकाठी बारा क्षणांची नोंद हाती येते. समजा, एखाद्या ठिकाणी महिन्यातून एकदा सहा तास विषारी पाणी वाहून जाते. महिन्याचे तास सुमारे ७३०. तेव्हा बाटली कोणत्याही वेळी भरली तरी ते पाणी तीत सापडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आणि वर्षभरात एकदा तरी सापडण्याची शक्यता जेमतेम शंभरात नऊ. शिवाय नमुने कचेरीच्या वेळात घेतले जात असतील आणि पाणी रात्री सोडले जात असेल, तर तीही उरत नाही. सरासरी मग कितीही काळजीपूर्वक काढा.

नदीच्या तळाशी दगडांखाली राहणारे कीटक, जळवा, गोगलगाई यांना मात्र कचेरीची वेळ नसते. यांतील काहींच्या अळ्या वर्षभर पाण्यात काढतात. जे काही वाहून जाते ते त्यांच्या अंगावरून जाते. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सोन यांनी १९०२ ते १९०९ या काळात सजीवांवरून प्रदूषणाची पायरी ओळखण्याची पद्धत मांडली. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये एका कार्यगटाने प्राण्यांच्या कुलांना १ ते १० गुण ठरवून दिले. स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाण्यावाचून न जगणाऱ्या स्टोनफ्लायच्या कुलांना १०, गाळातील लाल अळ्यांच्या कुलाला २, तर कुजक्या गाळातही सुखाने राहणाऱ्या कृमींना १. बेरजेत एक दोष आहे. जाळे जितका वेळ फिरवाल तितकी कुले अधिक सापडतात आणि नदी उगाच स्वच्छ ठरते. म्हणून बेरजेला कुलांच्या संख्येने भागून सरासरी गुणही काढतात.

पण किती गुण म्हणजे पुरेसे? महागाई भत्ता घेणाऱ्यास हे सांगावयास नको की, निर्देशांकाचा अर्थ पायाभूत वर्षावाचून लागत नाही. डोंगरातील झऱ्याला आणि सपाटीवरील संथ नदीला एकच पाया लावणे म्हणजे मुंबईची घरभाडी खेड्याच्या पायावर मोजणे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांनी ४१ नद्यांवरील २६८ स्वच्छ ठिकाणे अभ्यासून हा पाया घातला. ठिकाणाची उंची, उतार, पात्राची रुंदी, तळाचा दगडगोटा यांवरून तेथे कोणते प्राणी असावयास हवेत याचे अनुमान करावयाचे आणि प्रत्यक्ष सापडलेल्यांना त्याने भागावयाचे. भागाकार एकाच्या जवळ असला तर नदी ठीक. जितका खाली, तितकी हानी अधिक.

याचा व्यवहारातील उपयोग इंग्लंडमधील केनेट नदीवर जुलै २०१३ मध्ये दिसला. महिन्याच्या नेमाने तळाचे प्राणी मोजणाऱ्या हौशी निरीक्षकांना जाळ्यात जवळजवळ काहीच सापडेना. शोध घेता क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून नदीत उतरल्याचे आढळले. त्याची मात्रा चहाच्या दोन चमच्यांएवढी असल्याचा अंदाज होता. सुमारे १५ किलोमीटरचा पट्टा उद्ध्वस्त झाला. एवढ्याशा विषाचा बीओडीवर काय परिणाम दिसणार?

या पद्धतीला मर्यादा आहेत. पाणी पिण्यास योग्य की अयोग्य हे ती सांगत नाही. त्यासाठी रोगजंतूंचीच तपासणी हवी. गुन्हेगार कोण हेही तिच्यावरून ठरत नाही. प्राणी नाहीसे होण्यास वाळूउपसा किंवा धरणाने अडविलेले पाणीही कारण असू शकते. आणि मोसमी पुराने दरसाल तळ खरवडून निघणाऱ्या नद्यांना इंग्लंडचे गुण जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. केंद्रीय मंडळाने भारतीय नद्यांसाठी या गुणपद्धतीत फेरफार करून जैविक निकष तयार केले आहेत, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. परंतु प्रदूषित पट्ट्यांची यादी ठरते ती बीओडीवरच. त्यामुळे सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारून बीओडी खाली आणला की पट्टा यादीतून सुटू शकतो, मग तळाशी एखादी अळी जिवंत असो वा नसो. आणि पट्टा सुटला की त्यावरील लक्ष व पैसा दोन्ही दुसरीकडे वळतात.

खर्चाची सबब येथे टिकत नाही. एक हातजाळे, पांढरे ताट, भिंग आणि कुले ओळखण्याचा सराव एवढ्यावर हे काम चालते. जिल्ह्याच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभागांना ते सहज पेलणारे आहे. कठीण आहे तो पाया. सह्याद्रीच्या अभयारण्यांतील, अजून वस्ती न लागलेल्या झऱ्यांची नोंद पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी सलग काही वर्षे करावी लागेल. सखल भागात तर तुलनेसाठी स्वच्छ पट्टा शोधूनही सापडेल की नाही, ही शंका रास्त आहे.