टाइप मोजून टीम समतोल होत नाही: पोकेमॉनच्या स्पर्धात्मक खेळाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोकेमॉन या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू सहा काल्पनिक प्राण्यांची टीम बांधतो आणि ती प्रतिस्पर्ध्याच्या टीमशी लढवतो. गेम फ्रीक या कंपनीने तयार केलेले या मालिकेतील पहिले दोन खेळ, ‘रेड’ आणि ‘ग्रीन’, २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय या यंत्रासाठी प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या काळात लहान मुलांचा विरंगुळा मानल्या गेलेल्या या खेळाभोवती जागतिक अजिंक्यपदापर्यंत जाणारी, आकडेमोड आणि डावपेच यांवर उभी असलेली स्पर्धांची परंपरा निर्माण झाली. या परंपरेत प्रवेश करू पाहणाऱ्या नवख्या खेळाडूला सर्वांत आधी जो सल्ला मिळतो तोच दुर्दैवाने सर्वांत चुकीचा असतो: सहा वेगवेगळ्या टाइपचे सहा पोकेमॉन घ्यावेत, म्हणजे टीम समतोल होते. हा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो, आणि त्यावर विसंबून हरलेले खेळाडू इतक्या सहजपणे नशिबाला दोष देतात, की त्याची सविस्तर तपासणी करणे आवश्यक ठरते.

मुख्य गैरसमज: जितके टाइप अधिक, तितकी टीम समतोल

टाइप म्हणजे पोकेमॉनची आणि त्याच्या प्रत्येक हल्ल्याची जात, जसे फायर, वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक इत्यादी. २०१३ साली फेअरी या टाइपची भर पडल्यापासून असे एकूण १८ टाइप आहेत. एका पोकेमॉनला एक किंवा दोन टाइप असू शकत असल्यामुळे एकूण १७१ जोडण्या शक्य होतात. हल्ल्याचा टाइप समोरच्याच्या टाइपवर भारी असेल तर नुकसान दुप्पट होते आणि समोरच्याच्या दोन्ही टाइपवर भारी असेल तर चौपट होते. समोरचा तो हल्ला सोसणारा असेल तर नुकसान निम्मे होते आणि काही जोड्यांत ते शून्यावर येते. पोकेमॉनने स्वतःच्याच टाइपचा हल्ला केला तर त्याचा जोर दीडपट होतो. हे गणित खेळाचा पाया आहे, याबद्दल कोणताही वाद नाही. वाद आहे तो या पायालाच संपूर्ण इमारत समजण्याबद्दल.

या गैरसमजाचे मूळ खेळाच्या कथाभागात आहे. कथेच्या आरंभीच खेळाडूला ग्रास, फायर आणि वॉटर या तीन टाइपच्या पोकेमॉनपैकी एक निवडावा लागतो आणि पुढे भेटणारे जिम लीडर, म्हणजे त्या त्या शहरातील आव्हानवीर, बहुधा एकाच टाइपशी एकनिष्ठ असतात. रॉक टाइपच्या जिममध्ये वॉटर किंवा ग्रास, वॉटर टाइपच्या जिममध्ये इलेक्ट्रिक, असा क्रम लागत जातो. त्यामुळे पेटीत प्रत्येक टाइपचे एकेक हत्यार असले की कथा पूर्ण होते, आणि कोठे अडलेच तर आपल्या पोकेमॉनची लेव्हल वाढवून अडथळा ओलांडता येतो.

स्पर्धेत यांपैकी काहीही शिल्लक राहत नाही. अधिकृत स्पर्धा डबल्स पद्धतीने, म्हणजे दोन्ही बाजूंचे दोन-दोन पोकेमॉन एकाच वेळी मैदानात उतरवून, खेळल्या जातात. सर्वांची लेव्हल ५० धरली जाते, त्यामुळे अधिक सराव देऊन वरचढ होण्याची सोय नसते. दोन्ही खेळाडूंना परस्परांचे सहाही पोकेमॉन आधी दिसतात, त्या सहांतील चारच प्रत्यक्ष लढतात, आणि दोघेही आपापले निर्णय एकाच वेळी, समोरच्याचा निर्णय न कळता घेतात. अशा लढतीत ‘आपल्याकडे अमुक टाइप आहे का’ या प्रश्नापेक्षा ‘चारांपैकी कोण, कोणत्या क्षणी, कोणते काम करणार’ हा प्रश्न निर्णायक ठरतो.

टाइपची विविधता किती फसवी असू शकते, हे एका उदाहरणाने सिद्ध करता येते. चारिझार्ड, ग्याराडोस, व्होल्कारोना, झॅपडोस, आर्टिकुनो आणि टोगेकिस अशी टीम घेतली, तर यांचे पहिले टाइप अनुक्रमे फायर, वॉटर, बग, इलेक्ट्रिक, आइस आणि फेअरी असे सहाही वेगळे आहेत आणि यांतील एकही पोकेमॉन दुबळा नाही. प्रचलित सल्ल्यानुसार ही आदर्श टीम ठरावी. प्रत्यक्षात हे सहाही जण रॉक टाइपच्या हल्ल्यापुढे कमकुवत आहेत. व्होल्कारोनाखेरीज बाकीच्या पाचांचा दुसरा टाइप फ्लाइंग आहे, व्होल्कारोना बग आणि फायर या दोन्ही अंगांनी रॉकला बळी पडतो, आणि चारिझार्ड, व्होल्कारोना व आर्टिकुनो या तिघांना तर चौपट नुकसान होते. डबल्समध्ये ‘रॉक स्लाइड’ ही चाल समोरच्या दोघांनाही एकदम लागते आणि लागलेल्याची ती पाळी वाया जाण्याची ३० टक्के शक्यता असते, म्हणजे ही चाल येणारा एकटा प्रतिस्पर्धी संपूर्ण टीमला वेठीस धरू शकतो. एकेकट्यांच्या लढतीत, म्हणजे सिंगल्समध्ये, स्थिती याहूनही वाईट होते. तेथे ‘स्टेल्थ रॉक’ ही चाल मैदानात टोकदार दगड पेरून ठेवते आणि त्यांपासून बचाव करणारी वस्तू जवळ नसेल तर वर उल्लेखिलेल्या तिघांपैकी प्रत्येक जण मैदानात पाऊल टाकताच आपली निम्मी प्राणशक्ती गमावतो.

दुसरा दोष वेगाचा आहे. प्रत्येक पोकेमॉनला जन्मतः ठरलेले सहा मूळ गुण असतात, ज्यांतील वेग हा गुण चाल कोणाची आधी होईल हे ठरवतो. वरील सहांचे मूळ वेग ८० ते १०० या अरुंद पट्ट्यात येतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वेगवान पोकेमॉनला मागे टाकेल असा कोणी नाही आणि मंदपणाचा लाभ उठवू शकेल असाही कोणी नाही. ‘चॉइस स्कार्फ’ ही वस्तू वेग दीडपट करते, आणि ती धारण केलेला, थेरियन रूपातील लँडोरस मूळ वेग ९१ असूनही या सहांच्या आधी रॉक स्लाइड चालवू शकतो. टाइप मोजणाऱ्याला ही टीम समतोल दिसते, कारण त्याच्या मोजणीत वेगाला स्थानच नसते.

याचा अर्थ टाइप निरर्थक आहेत असा नव्हे; त्यांचा उपयोग संख्येत नसून परस्परसंबंधात आहे. ड्रॅगन, स्टील आणि फेअरी या त्रिकुटाचे महत्त्व यातूनच कळते. ड्रॅगन टाइपला आइस, ड्रॅगन आणि फेअरी हे तीन टाइप घातक असून स्टील हे तिन्ही सोसतो. स्टीलला फायर, फायटिंग आणि ग्राउंड घातक असून त्यांतील फायर ड्रॅगन सोसतो व फायटिंग फेअरी सोसतो. फेअरीला पॉयझन आणि स्टील घातक असून स्टीलवर पॉयझनचा परिणामच होत नाही आणि स्टीलचा हल्ला तो सहज पेलतो. उरतो तो केवळ ग्राउंड, ज्यावर फ्लाइंग टाइपचा चौथा साथीदार उत्तर ठरतो, कारण ग्राउंडचा हल्ला त्याला लागतच नाही. याउलट सर्वत्र शिफारस केले जाणारे फायर, वॉटर आणि ग्रास हे त्रिकूट एकमेकांच्या बहुतेक उणिवा झाकत असले, तरी रॉक, पॉयझन आणि फ्लाइंग या तीन टाइपचा हल्ला सोसणारा त्यांच्यात कोणीही नसतो. तीन नावे वेगळी आहेत म्हणून नव्हे, तर एकाचे भय दुसरा पेलतो म्हणून एखादे त्रिकूट उपयोगी ठरते, हा भेद लक्षात घेतला नाही तर टाइपचे कोष्टक पाठ असूनही टीम बांधता येत नाही.

या संदर्भात सर्वांत बोलका पुरावा ऑगस्ट २०१४ मध्ये वॉशिंग्टन डी.सी. येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा आहे. तेथे प्रौढ गटात विजेता ठरलेल्या दक्षिण कोरियाच्या से जुन पार्क याच्या टीममध्ये पाचिरीसू, ग्याराडोस, गारचॉम्प, टॅलनफ्लेम, गोथिटेल आणि गार्डेवॉर होते. यांतील गोथिटेल आणि गार्डेवॉर हे दोघेही सायकिक टाइपचे, तर ग्याराडोस आणि टॅलनफ्लेम हे दोघेही फ्लाइंग टाइपचे होते. प्रचलित सल्ल्याच्या निकषावर ही जगज्जेती टीम नापासच ठरली असती.

त्या टीममधील पाचिरीसू हा खारीसारखा लहानगा पोकेमॉन अधिक अभ्यासण्याजोगा आहे, कारण त्याच्या सहा मूळ गुणांची बेरीज केवळ ४०५ आहे, तर त्याच टीममधील गारचॉम्पची बेरीज ६०० आहे. तरीही तो तेथे होता, कारण त्याला नेमकी कामे होती. ‘फॉलो मी’ या चालीने तो साथीदारावर रोखलेले हल्ले स्वतःकडे ओढून घेई. ‘व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब’ या अंगभूत क्षमतेमुळे इलेक्ट्रिक हल्ल्याने त्याचे नुकसान होण्याऐवजी त्याची प्राणशक्ती भरून निघे, आणि इलेक्ट्रिक हाच वॉटर व फ्लाइंग टाइपच्या ग्याराडोसला चौपट लागणारा हल्ला होय. ‘सुपर फँग’ ही चाल समोरच्याची उरलेली प्राणशक्ती निम्मी करते आणि चालवणाऱ्याच्या हल्लाशक्तीवर अवलंबून नसते, त्यामुळे ४५ इतकी क्षुल्लक हल्लाशक्तीही त्याच्या आड आली नाही. ग्याराडोसची सर्वांत मोठी भीती पाचिरीसूने आपल्या अंगावर घेतली, यालाच समतोल म्हणतात.

वस्तुस्थिती अशी की समतोल हा कामांचा असतो. क्रिकेटचे अकरा खेळाडू अकरा राज्यांतून निवडले म्हणून संघ समतोल होत नाही, त्यासाठी सलामीवीर, यष्टिरक्षक आणि गोलंदाज लागतात. पोकेमॉनच्या टीमचेही तसेच आहे. कोणाला तरी प्रतिस्पर्ध्याचा वेग आटोक्यात ठेवावा लागतो, मग ते ‘टेलविंड’ने चार पाळ्यांपुरता आपल्या बाजूचा वेग दुप्पट करून असो किंवा ‘ट्रिक रूम’ने पाच पाळ्यांसाठी मंद पोकेमॉनना आधी खेळण्याचा हक्क देऊन असो. कोणाला तरी हल्ले ओढून घ्यावे लागतात किंवा ‘फेक आउट’सारख्या चालीने समोरच्याची एक पाळी हिरावून घ्यावी लागते, आणि या संरक्षणाखाली कोणाला तरी प्रत्यक्ष लढत संपवावी लागते. फायर आणि डार्क टाइपचा इन्सिनरोअर गेली अनेक वर्षे डबल्समध्ये मोठ्या प्रमाणावर वापरला जातो, त्याचे कारण त्याची ताकद नव्हे. ‘इंटिमिडेट’ या क्षमतेने तो मैदानात उतरताच समोरच्या दोघांची शारीरिक हल्लाशक्ती दोन तृतीयांशावर आणतो, फेक आउट चालवतो आणि ‘पार्टिंग शॉट’ने समोरच्याला आणखी दुबळे करून साथीदाराला सुरक्षितपणे मैदानात आणतो. इतकी कामे एकाच जागेत होत असतील, तर त्याचा टाइप कोणता हा दुय्यम प्रश्न ठरतो.

शिवाय समतोल ही टीमची स्वयंभू अवस्था नाही; ती त्या काळात प्रतिस्पर्धी काय वापरत आहेत याच्या तुलनेत ठरते. टीममध्ये सहा पोकेमॉन आणि प्रत्येकी चार अशा २४ चाली असतात, आणि तेवढ्यात १८ टाइपांच्या सर्व शक्यतांना उत्तर देणे कोणालाही साधत नाही. म्हणूनच जाणकार खेळाडू वापराची आकडेवारी पाहतात. सिंगल्ससाठी स्मोगॉन या खेळाडूंच्या समुदायाने केलेली श्रेणीरचना याच तत्त्वावर उभी आहे: एखाद्या पोकेमॉनचा वापर सुमारे ४.५२ टक्के किंवा अधिक असेल, म्हणजे १५ लढतींत तो किमान एकदा समोर येण्याची शक्यता निम्मी असेल, तरच तो सर्वाधिक वापराच्या श्रेणीत जातो. जे समोर येणार आहे त्याची तयारी आधी करावी आणि जे क्वचित येते त्याचा धोका समजून उमजून पत्करावा, हा या आकड्याचा बोध आहे.

इतर गैरसमज, थोडक्यात

*लेजंडरी, म्हणजे दुर्मिळ आणि बलाढ्य, पोकेमॉन भरले की विजय निश्चित.* अधिकृत नियमांत सर्वांत बलाढ्य लेजंडरींवर बहुतेक वेळा बंदी किंवा संख्येची मर्यादा असते, आणि मुभा असतानाही त्यांना आधार देणारे साथीदारच सामना फिरवतात.

*वेगवान पोकेमॉनच कामाचा.* टॉर्कोलचा मूळ वेग २० आणि अमूंगसचा ३० असून ट्रिक रूममध्ये हेच मंदपण त्यांना सर्वांच्या आधी खेळू देते.

*चारही चाली हल्ल्याच्या असाव्यात.* डबल्समध्ये ‘प्रोटेक्ट’ ही एका पाळीपुरते स्वतःला वाचवणारी चाल सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चालींपैकी आहे, कारण एक जण बचावतो तेव्हा दुसऱ्याला मोकळीक मिळते.

*सरावाचे गुण सर्व अंगांत सारखे वाटावेत.* ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायलेट’ या खेळांत एका पोकेमॉनला असे ५१० गुण मिळतात आणि एका अंगात २५२ घालता येतात, सहांत प्रत्येकी ८५ वाटल्यास कोणतेच अंग निर्णायक होत नाही, म्हणून ते कामानुसार दोन-तीन अंगांत घातले जातात.

*जगज्जेत्याची टीम उतरवून घेतली की झाले.* टीमसोबत तिचा डाव उतरत नाही: कोणत्या प्रतिस्पर्ध्यापुढे कोणते चार निवडायचे हे न समजलेल्याच्या हातात तीच टीम निरुपयोगी ठरते.

*हा सारा नशिबाचा खेळ आहे.* नशीब आहे, पण ते मोजलेले आहे: ‘क्रिटिकल हिट’, म्हणजे अनपेक्षितपणे दीडपट लागणारा फटका, २०१६ नंतरच्या मुख्य खेळांत सामान्यतः २४ पैकी एका वेळी बसतो, आणि ही शक्यता हिशेबात धरणे हेही कौशल्यच आहे.

*‘टेरास्टल’मुळे टाइपचा विचारच संपला.* २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायलेट’ या खेळांत लढतीत एकदा एका पोकेमॉनचा टाइप बदलता येतो, त्यामुळे टाइपचा विचार संपला नसून तो कोणी आणि केव्हा बदलावा हा आणखी एक निर्णय वाढला आहे.

टीम तपासण्याची रीत

टीम समतोल आहे की नाही हे पाहण्यासाठी टाइप मोजण्याऐवजी चार प्रश्न विचारावेत. प्रत्येक पोकेमॉनचे काम एका वाक्यात सांगता येते का? दोनपेक्षा अधिक साथीदारांना घातक ठरणारा असा कोणता टाइप आहे की जो सोसणारा टीममध्ये कोणीच नाही? प्रतिस्पर्धी आपल्यापेक्षा वेगवान निघाला, किंवा त्याने वेगाचा क्रमच उलटवला, तर त्यावर उत्तर काय? आणि सध्या सर्वाधिक दिसणाऱ्या टीमांपैकी प्रत्येकीपुढे कोणते चार उतरवायचे, हे आधीच ठरले आहे का? ज्या टीमला या चारही प्रश्नांची उत्तरे देता येतात, तिच्यात एखादा टाइप दोनदा आला किंवा फायर टाइपचा एकही पोकेमॉन नसला तरी काही बिघडत नाही. आणि जिला ती देता येत नाहीत, तिच्यात सहांऐवजी अकरा टाइप कोंबले तरी पहिला तयारीचा प्रतिस्पर्धी भेटताच तिची उणीव उघडी पडते.