पार्किंग : बुकिंगआधी टेप लावा

मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांत नव्या इमारतींना २०२०ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. किती गाड्यांची जागा सोडायची, हे घरांच्या चटई क्षेत्रावर ठरते. एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर जागा धरतात. नकाशात ती बसते. प्रत्यक्षात खांब आडवा येतो आणि गाडीचे दार उघडत नाही. म्हणून महारेरा या राज्याच्या गृहनिर्माण नियामकाने २०२४मध्ये पार्किंगची लांबी, रुंदी, उंची करारात नोंदवायला लावली, हे फार बरे झाले. उघड्यावरचे पार्किंग बिल्डरला विकता येत नाही. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच स्टिल्टखालची, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीखालची, जागा स्वतंत्रपणे विकण्याचा बिल्डरचा दावा फेटाळला होता.